टीएफएसए, चाळीस हजार डॉलर आणि आपला माणूस

हे लिहू की नको असं बरेच महिने चाललं होतं, कारण लिहिलं की आपलाच बावळटपणा चारचौघांत येतो. पण परवा ऑफिसमधला एक नवीन मुलगा, नागपूरचा, कॅनडात येऊन जेमतेम आठ महिने झालेत, तो मोठ्या खुशीत सांगत होता की माझी टीएफएसएची रूम एक लाखाच्या वर आहे असं एजंट म्हणाला. (टीएफएसए म्हणजे इथलं टॅक्स-फ्री बचत खातं, आणि रूम म्हणजे त्यात जास्तीत जास्त किती पैसे टाकता येतात ती मर्यादा.) माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आम्ही 2019 च्या ऑगस्टमधे ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनला आलो. 2021 मधे चिंचवडचा वन बीएचके विकला, भावाचा वाटा, टॅक्स वगैरे जाऊन माझ्या हातात साधारण 24 लाख आले, म्हणजे तेव्हाच्या रेटने चाळीस हजार डॉलर. इथल्या बँकेत नुसते पडून होते, व्याज म्हणजे चहापाण्याचे पण सुटत नव्हते. त्याच सुमारास ओळखीतून एकजण भेटला, मराठी, आमच्याच वयाचा, दुसऱ्या भेटीपासूनच दादा आणि वहिनी. इन्शुरन्सचं लायसन्स होतं त्याचं, तेही खरं होतं, मी नंतर तपासलं. बोगस माणूस असता तर एक वेळ कळलं तरी असतं.

ऑक्टोबरमधे एका रविवारी तो घरी आला. संकष्टी होती, हिने साबुदाण्याची खिचडी केलेली, ती खात खात त्याने किराणा दुकानाच्या फ्लायरच्या मागे आकडे मांडले. 2009 साली टीएफएसए सुरू झालं, तेव्हा वर्षाला 5,000 होते, मग 5,500, 2015 ला एकदम 10,000, मग परत 5,500, मग 6,000, आणि न वापरलेली रूम पुढे साठत जाते, बेरीज केली आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं 75,500. म्हणाला दादा, तुम्ही तर निम्मेच टाकताय. तो आकडा बरोबर आहे, कोणीही तपासून बघा. फक्त तो 2009 पासून इथेच राहणाऱ्या माणसाचा आहे. रूम साठायला लागते ती तुम्ही कॅनडाचे रेसिडेंट झालात त्या वर्षापासून. म्हणजे माझी रूम होती 2019, 2020, 2021 चे सहा सहा हजार, एकूण 18,000. टाकले 40,000. बावीस हजार जास्त!

आणि टाकले कशात, तर सेग फंडात. म्युच्युअल फंडासारखाच असतो, वर इन्शुरन्सचं वेष्टण. तो म्हणाला यात मुद्दलाची गॅरंटी आहे. गॅरंटी होती हो, 75 टक्क्यांची, आणि तीही दहा वर्षांनी. हिला शंका आली होती, तिने सरळ विचारलं, मधेच काढायचे झाले तर? हा म्हणाला वहिनी, कधीही काढा, टॅक्स-फ्रीच आहे ना. टॅक्स नाही हे खरंच आहे, पण कॉन्ट्रॅक्टमधे डिफर्ड सेल्स चार्ज होता, सात वर्षांच्या आत काढले की कापणार, सुरुवातीला साडेपाच टक्के आणि मग दर वर्षी थोडं थोडं कमी. हे सगळं त्या टॅबलेटवर लिहिलेलं होतं. तो बोटाने भराभर वर सरकवत होता, सही इथे, इनिशियल इथे, दादा इथे एक राहिली. मी पुण्यात बँकेत वीस वर्षं काढली आहेत, लोकांना वाचून सही करा सांगण्यात हयात गेली आणि स्वतः खिचडीचा हात पुसून बोटाने सह्या केल्या.

त्यानंतर दोन वेळा त्याने मला शनिवारी एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमधे नेलं, तुम्हीपण लायसन्स काढा, बँकिंगचा अनुभव आहे, ओळखी आहेत, खाली टीम बनवा म्हणून. टाय घातलेले तीस-चाळीस लोक टाळ्या वाजवत होते. तिथे पहिल्यांदा मला कसंतरी वाटलं पण पैसे तर गेलेले होते.

2022 च्या जुलैमधे सीआरएचं, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचं, पत्र आलं की तुमच्या टीएफएसएमधे जास्त रक्कम आहे, लगेच काढा. मी त्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर माझ्याकडे अजून आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर: "ऑटोमॅटिक जातं दादा सगळ्यांना, टेन्शन नका घेऊ". आणि मी घेतलं नाही. ही माझी सगळ्यात मोठी चूक, पहिल्या सहीपेक्षा मोठी, कारण जास्तीच्या रकमेवर दर महिन्याला एक टक्का लागतो आणि तो मीटरसारखा पडतच राहतो. 2021 चे तीन महिने 220 प्रमाणे. जानेवारी 2022 ला नवीन सहा हजारांची रूम आली म्हणून जास्तीचे 16,000 उरले, मग वर्षभर महिन्याला 160. पुढच्या जानेवारीत अजून 6,500 ची रूम, तेव्हा 9,500 वर 95. 2023 च्या उन्हाळ्यात दुसरं पत्र आलं, यावेळी आकड्यासकट, आणि मी त्याच जुलैत ते साडेनऊ हजार काढले. एकूण टॅक्स 3,245 डॉलर, वर उशिराचं व्याज आणि फॉर्म वेळेत न भरल्याचा दंड वेगळा. काढताना 4,000 पर्यंत फुकट होते, उरलेल्या 5,500 वर पाच टक्के, म्हणजे 275 फंडवाल्यांनी कापले ते वेगळेच.

सीआरएला माफीसाठी पत्र लिहिलं. प्रामाणिक चूक असेल आणि समजल्याबरोबर पैसे काढले असतील तर माफ करू शकतात. पण मी पहिल्या पत्रानंतर वर्षभर बसून होतो ना, त्यामुळे नाही म्हणाले. एजंटने सांगितलं हे कारण चाललं नाही, हिशोब ठेवणं तुमचं काम. खरंतर सीआरएच्या माय अकाउंटमधे रूमचा आकडा दिसतो, पाच मिनिटांचं काम होतं. फक्त तो 1 जानेवारीचा असतो, त्या वर्षात तुम्ही टाकलेलं त्यात धरलेलं नसतं, आणि मागच्या वर्षाचा हिशोब संस्था फेब्रुवारीअखेरपर्यंत पाठवतात, म्हणून जानेवारीत बघून लगेच उडी मारू नका, स्वतःचं कागदावर मांडा.

इन्शुरन्स कंपनीकडे तक्रार केली, दीड महिन्याने उत्तर आलं, सोबत माझ्याच सह्यांची पानं. म्युच्युअल फंडातला हा सेल्स चार्ज 1 जून 2022 पासून बंद झाला आणि सेग फंडातही जून 2023 पासून नवीन कॉन्ट्रॅक्टना नाही, पण माझं 2021 चं. अशा फंडात एजंटला साधारण पाच टक्के आगाऊ मिळायचे, म्हणजे माझ्या चाळीस हजारांवर त्याचे दोन हजार पहिल्याच महिन्यात सुटले असणार. शिवाय फंडाचा एमईआर, म्हणजे फंड चालवण्याचा खर्च, जवळजवळ तीन टक्के, दर वर्षी, फंड वर जावो की खाली.

लोक म्हणतात सिक्युरिटीजच्या, म्हणजे शेअर आणि म्युच्युअल फंड विकणाऱ्यांच्या, रजिस्टरमधे नाव बघा. बघा जरूर, पण हा तिथे सापडला नसता, कारण सेग फंड इन्शुरन्सच्या लायसन्सवर विकतात, ओंटारियोत ते एफएसआरए नावाच्या नियामक संस्थेकडे. आणि तिथे त्याचं नाव व्यवस्थित होतं, आजही आहे. मी आता ओएलएचआय म्हणून इन्शुरन्सची तक्रार ऐकणारी संस्था आहे तिकडे कागद दिलेत, व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या मेसेजसकट.

उरलेले पैसे अजून त्याच फंडात आहेत. ऑक्टोबर 2028 ला चार्ज शून्य होतो, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर हिने लिहून ठेवलंय, दर जानेवारीला नवीन कॅलेंडरवर परत उतरवते. तो फ्लायरपण तिच्याकडेच आहे, 75,500 वाला. नागपूरच्या मुलाला मी तोच दाखवला.