फाउंड्री लॅबमधला जुना मेटलर्जिकल मायक्रोस्कोप: जुन्या चिप वाचण्यासाठी घ्यावा का?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, शिवाजी उद्यमनगर. कोल्हापूरच्या या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांच्या लॅबमध्ये मेटलर्जिकल मायक्रोस्कोप हमखास सापडतो. एसजी आयर्नचा (गोळ्यांच्या रूपातलं ग्राफाइट असलेल्या बिडाचा) तुकडा कापून, घासून, आरशासारखा पॉलिश करायचा आणि त्यातले ग्राफाइटचे गोळे किती गोल आहेत ते पाहायचं, हे त्याचं रोजचं काम. लॅबमध्ये नवा, सॉफ्टवेअरवर मोजमाप करणारा सेट आला की जुना कोपऱ्यात जातो आणि काही दिवसांनी जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे किंवा थेट भंगारात पोचतो. हे परीक्षण अशाच जुन्या यंत्राचं आहे, पण काम वेगळं आहे: १९७० आणि ८० च्या दशकांतल्या चिप उघडायच्या, त्यांच्या डायचे फोटो काढायचे आणि फोटोवरून सर्किट उलगडायचं. (इथे डाय म्हणजे चिपच्या पोटातला सिलिकॉनचा तुकडा. उद्यमनगरात डाय म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो साचा नव्हे.)

लोखंडासाठी बनवलेलं यंत्र सिलिकॉनला चालतं, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाश दोन्हींतून आरपार जात नाही. कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपचा दिवा खाली असतो, त्यामुळे त्यात चिप ठेवली तर काळा चौकोन दिसतो. मेटलर्जिकलमध्ये प्रकाश ऑब्जेक्टिव्हमधूनच, म्हणजे नमुन्याजवळच्या लेन्समधूनच, खाली उतरतो आणि पृष्ठभागावर आपटून त्याच वाटेनं परत येतो. बाजूनं टॉर्च मारून साध्या मायक्रोस्कोपवर भागवायचा प्रयत्न बरेच जण करतात. ५ एक्सला, म्हणजे पाच पटीच्या ऑब्जेक्टिव्हला, थोडंफार दिसतं, पण १० एक्सच्या पुढे ऑब्जेक्टिव्ह इतका जवळ येतो की बाजूच्या उजेडाला शिरायला जागाच उरत नाही.

आम्ही तपासली ती दोन यंत्रं: अंबाला बनावटीचा एक अपराइट (सरळ) ट्रायनॉक्युलर, म्हणजे डोळ्यांसाठी दोन आणि कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला, आणि एक इन्व्हर्टेड (उलटा). कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण इतक्या जुन्या यंत्रात नावापेक्षा ते कसं वापरलं गेलं यालाच महत्त्व असतं.

इन्व्हर्टेड आधी निकालात काढतो. यात ऑब्जेक्टिव्ह खाली असतो आणि नमुना पालथा ठेवतात. लोखंडाच्या तुकड्यासाठी ही सोय उत्तम, कारण पॉलिश केलेला पृष्ठभाग स्टेजवर (नमुना ठेवायच्या पाटीवर) टेकला की आपोआप समतल होतो. चिपचं मात्र उलटं होतं. सिरॅमिक पॅकेजमध्ये डाय खड्ड्यात बसलेला असतो. पालथं घातलं की पॅकेजची कड स्टेजला टेकते, डाय वर राहतो आणि २० एक्सला फोकस मिळतच नाही. पॅकेजमधून सुटा केलेला ४ मिलिमीटरचा डाय स्टेजच्या भोकातून खाली ऑब्जेक्टिव्हवर पडतो. स्वस्त मिळाला तरी या कामासाठी इन्व्हर्टेड घेऊ नये.

अपराइट घेताना पैसे ऑब्जेक्टिव्हचे आणि स्टेजचे मोजावेत, लोखंडी धडाचे नाहीत. विकणारा ‘हजार पट दिसतं’ असं सांगतो, त्याला अर्थ नाही. बारकावा किती दिसणार हे ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला एनए, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते तो आकडा, ठरवतो. हिरव्या प्रकाशात १० एक्स, एनए ०.२५ चा ऑब्जेक्टिव्ह साधारण १.३ मायक्रॉनपर्यंतचं वेगळं दाखवतो, २० एक्स, एनए ०.४० चा ०.८ मायक्रॉनपर्यंत आणि ४० एक्स, एनए ०.६५ चा ०.५ मायक्रॉनपर्यंत. १९७६ चा इंटेल ८०८५ मायक्रोप्रोसेसर सुमारे ३ मायक्रॉनच्या तंत्रावर बनला, म्हणजे त्याला १० एक्स पुरतो आणि २० एक्समध्ये तर तो निवांत वाचता येतो. ४० एक्स क्वचित लागतो आणि १०० एक्स तेलाचा तर लागतच नाही. फाउंड्रीत गोळ्यांची तपासणी १०० पटीला, म्हणजे १० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर होते. त्यामुळे सगळ्यात जास्त घासलेला, नमुन्यावर आपटून ओरखडे पडलेला नेमका तोच असतो. तो काढून उलटा धरावा, समोरची लेन्स टॉर्चच्या उजेडात भिंगानं पाहावी. आमच्या नगात १० एक्सवर मध्यभागी एक ओरखडा होता आणि चित्रावर धुकं आल्यासारखं दिसत होतं. २० एक्स मात्र नव्यासारखा निघाला.

बदली ऑब्जेक्टिव्ह घेताना त्यावरचे आकडे जुळवावेत. ‘१६०/०’ म्हणजे नळीची लांबी १६० मिलिमीटर आणि नमुन्यावर कव्हर स्लिप (पातळ काच) नाही. ‘१६०/०.१७’ हा जीवशास्त्राचा. तो १० एक्सला चालून जातो, ४० एक्सला मात्र चित्र कायम धूसर राहतं आणि माणूस फोकसचा नॉब फिरवत बसतो. अनंताची खूण असलेला ऑब्जेक्टिव्ह १६० च्या यंत्रात लावू नये, आटे जुळले तरीही.

स्टेज तपासण्याची रीत सोपी आहे. २० एक्सवर एखादा ठिपका मध्यभागी आणावा, नॉब एका दिशेनं फिरवून सोडावा आणि उलट फिरवावा. स्टेज हलायला लागेपर्यंत नॉब जितका मोकळा फिरतो तितकी ढिलाई. आमच्या नगात ग्रीस वाळून चिकट झालं होतं, त्यामुळे स्टेज अडखळत उडी मारायचा. रॅक (स्टेज सरकवणारी दातेरी पट्टी) केरोसीननं धुऊन, पॉलिशिंगची अल्युमिना पावडर आणि लोखंडाचा कीस काढून पातळ ग्रीस लावल्यावर चाल सुधारली. दात झिजलेले असतील तर उपाय नाही. तो नग सोडावा.

दिवा हा या यंत्राचा कमकुवत भाग. मूळचा ६ व्होल्ट २० वॅटचा हॅलोजन पिवळट आणि गरम. त्या जागी हीटसिंकवर बसवलेला ३ वॅटचा पांढरा एलईडी चालतो, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एलईडी नेमका जुन्या फिलामेंटच्या जागी, त्याच उंचीवर हवा आणि त्यापुढे दुधी काच हवी. नाहीतर एका कोपऱ्यात उजेड आणि दुसऱ्यात अंधार पडतो. ड्रायव्हर स्थिर करंटचा घ्यावा. उजेड कमीजास्त करण्यासाठी पल्स देणारा घेतला तर कॅमेऱ्यात आडवे पट्टे येतात. राहिलेला असमानपणा घालवायला निकामी हार्ड डिस्कची चकचकीत तबकडी वापरावी. तिचा फोकस किंचित हलवून एक फोटो काढायचा आणि इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटोला त्या फोटोनं भागायचं.

डाय समतल करणं ही सगळ्यात वेळखाऊ पायरी. २० एक्सला फोकसची खोली जेमतेम साडेतीन मायक्रॉन असते आणि ४ मिलिमीटरचा डाय एका अंशानं कलला तर दोन टोकांत ७० मायक्रॉनचा फरक पडतो. लॅबच्या सामानात प्लास्टिसीन आणि लेव्हलिंग प्रेस मिळतो, तो इथे फसवतो. प्रेस पॅकेजची कड समतल करतो, डाय नव्हे, आणि डाय पॅकेजला समांतर चिकटवलेला असेलच असं नाही. तीन स्क्रूंची छोटी पाटी करावी. १० एक्सवर एका कोपऱ्यात फोकस, मग दुसऱ्या कोपऱ्यात, फरक स्क्रूनं अर्धा भरून काढायचा, असं चारही कोपरे एकाच नॉबवर स्वच्छ दिसेपर्यंत.

आता चिप. सुरुवात क्वार्ट्झ खिडकीच्या ईप्रॉमपासून (अतिनील प्रकाशानं पुसता येणाऱ्या मेमरी चिपपासून) करावी, २७१६ किंवा २७६४. काही उघडावं लागत नाही. आतला डेटा हवा असेल तर आधी प्रोग्रॅमरवर वाचून ठेवावा. १० एक्स खिडकीवरूनच फोकस होतो, ४० एक्स मात्र काचेला टेकतो. त्यानंतर पत्र्याच्या गोल टोपीतला ७४१, म्हणजे सिग्नल वाढवणारा ऑपअ‍ॅम्प. बारीक पात्याच्या करवतीनं टोपीची कड कापली की आतला डाय समोर येतो. ५ एक्सवर त्यातला सगळ्यात मोठा, रिकामा दिसणारा तुकडा म्हणजे ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर. अख्खं सर्किट वीसेक ट्रान्झिस्टरांचं, त्यामुळे पुस्तकातली आकृती शेजारी ठेवून एकेक ट्रान्झिस्टर ओळखता येतो. नजर तयार करायला यापेक्षा चांगली चिप नाही.

इंटेलच्या चिपवर नंबरआधीचं अक्षर वाचावं. ‘सी’ म्हणजे धातूचं झाकण असलेलं सिरॅमिक. ‘डी’ म्हणजे काचेनं जोडलेले सिरॅमिकचे दोन थर. ‘पी’ म्हणजे प्लास्टिक. ‘डी’ उघडायला चिप व्हाइसमध्ये धरून छिन्नी नेमकी काचेच्या सांध्यावर, टोकाकडून लावायची आणि हलके ठोके द्यायचे. छिन्नी आत घुसली तर डाय फुटतो, म्हणून एका जोरदार घावाऐवजी दहा हलके. बाँड वायर (डायला पिनांशी जोडणाऱ्या बारीक तारा) तुटल्या तरी फोटोला अडचण नाही. गॉगल लावावा आणि सांधा कानशीनं घासू नये, त्या काचेत शिसं असतं. ‘पी’ सध्या बाजूला ठेवावी. प्लास्टिक विरघळवायला गरम नायट्रिक अ‍ॅसिड लागतं. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, सोनारकामामुळे तेजाब ओळखीचं आहे, पण ओळखीचं आहे म्हणून ते घरात गॅसवर तापवायचं नसतं. धातूखालचे थर पाहण्यासाठी वरची काच काढायला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वापरतात, त्याच्या वाटेलाही जाऊ नये. ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम ओढतं. या काळातल्या बहुतेक चिपमध्ये धातूचा एकच थर असतो आणि त्याच्या फटींतून खालचं पुष्कळ वाचता येतं.

कॅमेरा ट्रायनॉक्युलर नळीवर बसवावा. २.४ मायक्रॉन पिक्सेलचा, ३०७२ बाय २०४८ चा सेन्सर आणि अर्ध्या पटीचा अडॅप्टर असेल तर १० एक्सला एका फोटोत साधारण दीड बाय एक मिलिमीटर भाग येतो. शेजारच्या फोटोंवर ३० टक्के ओव्हरलॅप धरला तर ४ मिलिमीटर चौरस डायला १० एक्सवर २४ फोटो लागतात, २० एक्सवर ९६. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद ठेवावेत, नाहीतर जोडलेल्या चित्रावर गोधडीसारखे चौकोन उमटतात. जोडायला हगिन किंवा फिजी, दोन्ही फुकट आहेत.

इथे एक खोड नक्की आडवी येते. २७१६ मध्ये १६,३८४ एकसारखे सेल आहेत. सॉफ्टवेअर एका सेलला शेजारच्या सेलशी जुळवतं आणि अख्खा फोटो एका घराने सरकतो. चित्र निर्दोष दिसतं, मोजलं की एक ओळ गायब असते. म्हणून मेमरीच्या भागात ओव्हरलॅप ४० टक्के ठेवावा, प्रत्येक रांग मेमरीच्या कडेपासून सुरू करावी आणि जोडल्यावर ओळी मोजाव्यात. ८०८५ च्या रजिस्टरच्या (आकडे तात्पुरते ठेवायच्या जागांच्या) भागातही हेच होतं.

एनमॉस (८०८५ च्या जातीच्या) चिप वाचण्याचा पाया एकच: पॉलिसिलिकॉनची पट्टी (ट्रान्झिस्टरचा गेट) डिफ्यूजनला, म्हणजे सिलिकॉनमधल्या वाहक पट्ट्याला, जिथे ओलांडते तिथे ट्रान्झिस्टर. अ‍ॅल्युमिनियम पांढरं चमकतं, बाकीचे थर ऑक्साइडच्या जाडीप्रमाणे गुलाबी किंवा हिरवट दिसतात. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात हे दोन रंग जवळजवळ एक होतात, एलईडी घालायचं खरं कारण तेच. जिथे गेट आपल्याच सोर्सला जोडलेला दिसतो तो डिप्लिशन लोड, म्हणजे त्या लॉजिक गेटचं आउटपुट वर ओढणारा पुल-अप. तिथून सुरुवात केली की नॅन्ड आणि नॉर ही लॉजिक गेट्स पटापट सुटतात.

८०८५ पहिलीच मोठी चिप म्हणून घ्यावी असं आम्ही आग्रहानं सांगतो. साडेसहा हजार ट्रान्झिस्टर हा आकडा एका माणसाच्या आवाक्यातला आहे, आणि पॉलिटेक्निक-इंजिनिअरिंगला ट्रेनर किटवर या चिपचा हेक्स कोड हातानं भरलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पाठ्यपुस्तकात २४६ ऑपकोड (चिपला द्यायच्या आज्ञांचे आकडे) शिकवले जातात, उरलेले दहा रिकामे. ते रिकामे नाहीत. ०८ वर डीसब आहे, म्हणजे एचएल या रजिस्टर-जोडीतून बीसी ही जोडी वजा. १० वर एआरएचएल, म्हणजे एचएल एक बिट उजवीकडे सरकतो. डिकोडरच्या (ऑपकोड ओळखणाऱ्या भागाच्या) जाळीत या दहांसाठी स्वतंत्र जागा आहेत. २० एक्सवर त्यांतली एकेक रेषा हातानं मागं नेता येते, आणि यासाठी महागडं काही लागत नाही. फाउंड्रीनं टाकून दिलेला एक सरळ मायक्रोस्कोप पुरतो.

पावसाळ्यात मात्र यंत्र उघडं ठेवू नये. कोल्हापूरची जून ते सप्टेंबरची दमट हवा लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती कोटिंग खाऊन जाते. ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरावेत. टरेटच्या (ऑब्जेक्टिव्ह बसवायच्या फिरत्या चकतीच्या) भोकांना टोप्या लावायला विसरू नये, आतल्या अर्धपारदर्शक आरशावर बुरशी आली तर तो पुसता येत नाही, बदलावाच लागतो.