पहिल्या आठवड्याचे अंदाज: गेल्या हंगामाचा तक्ता की यंदाची संघयादी?

हौशी बास्केटबॉल लीगमधल्या पहिल्या आठवड्याच्या सामन्यांचे अंदाज दोन पद्धतींनी बांधता येतात. पहिल्या पद्धतीत गेल्या हंगामाचे निकाल एक्सेलमध्ये भरून प्रत्येक संघाला मानांकन द्यायचे आणि दोन मानांकनांमधल्या फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची. दुसरीत नव्या संघयाद्या हाती येताच त्यांतली माणसे ओळखायची, जमल्यास त्यांना जिममध्ये खेळताना पाहायचे आणि त्यावरून मत बनवायचे. शिकागोच्या पश्चिम उपनगरांतल्या, मुस्लिम समाजाच्या एका लीगसाठी मी या दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. यंदा अंदाज मांडण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडले आहे, त्यांना त्या अनुभवाचा काही उपयोग होईल असे वाटते. बारा संघ, एकाच भाड्याच्या जिममध्ये रविवारी होणारे सहा सामने, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि शेवटची दोन मिनिटे सोडल्यास न थांबणारे घड्याळ, ही चौकट मी गृहीत धरली आहे.

पैशांचा प्रश्न आधीच बाजूला ठेवतो. मैसिर म्हणजे जुगार कुरआनानुसार निषिद्ध असल्यामुळे अशा लीगमध्ये अंदाजांवर काही लावायचे नसते आणि गुणांच्या फरकाचे भाकीतही आमच्याकडे सहसा कोणी मागत नाही. कोण जिंकेल आणि ते किती खात्रीने सांगता येईल, एवढेच पुरते. याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा लागतो. जिथे पैसा पणाला लागतो तिथे लोक निदान आपल्या खिशाशी प्रामाणिक राहतात. इथे गमावण्यासारखे काहीच नसल्याने प्रत्येक जण स्वतःच्या किंवा मेव्हण्याच्या संघाला मत देतो. त्यामुळे ‘बहुमत काय म्हणते’ हा तिसरा मार्ग मी विचारातच घेतलेला नाही.

तक्त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. बुद्धिबळासाठी आर्पाद एलो यांनी रूढ केलेली मानांकन पद्धत बास्केटबॉललाही लागू पडते आणि तिचे गणित सोपे आहे. दोन संघांच्या मानांकनांत चारशे गुणांचा फरक असेल, तर वरच्या संघाची बाजू दहास एक अशी भारी धरली जाते. नवा हंगाम सुरू होताना जुने मानांकन जसेच्या तसे न ठेवता सरासरीकडे ओढायचे असते. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगसाठी फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने जे प्रारूप चालवले, त्यात तीन चतुर्थांश मानांकन पुढे नेले जाई. आपल्याकडे मात्र इतका विश्वास टाकू नये, असे माझे मत आहे. समजा, गेल्या हंगामाअखेर एक संघ १६०० वर आणि दुसरा १४५० वर होता. फरक जसाच्या तसा घेतला, तर पहिल्याची शक्यता ७० टक्के येते. तीन चतुर्थांश घेतला तर ६६ आणि निम्माच घेतला तर ६१ टक्के. हौशी लीगमध्ये निम्म्याहून अधिक पुढे नेण्याचे धाडस मला होत नाही, कारण हंगाम लहान असतो आणि न थांबणाऱ्या घड्याळामुळे एका सामन्यात चेंडू हाती येण्याच्या पाळ्याही कमी होतात. पाळ्या जितक्या कमी, तितकी दुबळ्या संघाला आशा अधिक.

शिवाय तक्ता तयार सापडला तरी तो आपल्या लीगच्या मापाचा करून घ्यावा लागतो. त्या एनबीए प्रारूपात घरच्या मैदानासाठी मानांकनात शंभर गुण जोडले जात. सगळे सामने एकाच जिममध्ये होत असल्याने इथे त्यांची जागा शून्याने घ्यावी. दुसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. समोरचा संघ आलाच नाही म्हणून मिळालेला विजय फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमानुसार २०-० असा नोंदवला जातो आणि अनेक हौशी लीगही तीच प्रथा पाळतात. गुणांचा फरक मोजणारा तक्ता ते वीस गुण दणदणीत विजयाचे समजतो, म्हणून असे सामने मोजणीतून काढलेलेच बरे. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांकडेही सावधपणे पाहावे. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो, तो सुरू होण्यापूर्वी अंतिम सामना उरकायचा असतो, आणि मग एकाच रविवारी एका संघाचे दोन-दोन सामने लागतात. त्या दुपारच्या दुसऱ्या सामन्यातला पराभव संघाच्या ताकदीपेक्षा त्याच्या पायांबद्दल अधिक सांगतो. (रोज्यांमुळेच खेळ खालावतो, असे मात्र सरसकट धरू नये, १९९५ च्या फेब्रुवारीत रोजे पाळत खेळलेला एनबीएतला हकीम ओलाजुवान त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.)

एवढ्या दुरुस्त्या केल्या की तक्ता बरा चालतो, आणि ज्या लीगमध्ये संघ वर्षानुवर्षे तेच राहतात तिथे तो पहिल्या आठवड्यातही उपयोगी पडत असेल, याबद्दल मला शंका नाही. माझे त्याच्याशी बिनसले ते एका त्रासामुळे. त्यात गणित कुठेच नाही, म्हणून तो बाहेरून दिसत नाही.

मानांकन संघाच्या नावाला चिकटते. पण आमच्याकडे संघाचे नाव ही प्रायोजकाची मालमत्ता असते. गेल्या वर्षी ज्यांच्या पाठीवर हलाल बर्गरवाल्याचे नाव होते, ती माणसे यंदा एका दंतवैद्याच्या दवाखान्याचे नाव मिरवतात, आणि बर्गरवाल्याच्या नावाने नुकतीच शाळा संपवलेली मुले उतरतात. तक्त्याच्या लेखी विजेता संघ कायम आहे आणि दवाखाना हा नवखा, सरासरीच्या १५०० पासून सुरुवात करणारा. मग उपाय म्हणून मानांकन संघाऐवजी खेळाडूला द्यायचे ठरवले, की स्कोअरशीट उघडावी लागते, आणि खरी कसोटी तिथे सुरू होते. ती शीट टेबलावर बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या स्वयंसेवकाने पेन्सिलीने भरलेली असते. एका पानावर ‘मोहम्मद के.’, पुढच्यावर ‘मो खान’, तिसऱ्यावर नुसताच ‘खान २३’. एकाच संघात दोन अहमद, त्यांतला एक कधी आडनावाने तर कधी वडिलांच्या नावाने लिहिलेला. जर्सीच्या क्रमांकावरून ओळखावे, तर उशिरा आलेला खेळाडू बाकावर बसलेल्या मित्राची जर्सी चढवून मैदानात उतरतो आणि त्याच्या नावावर अठरा गुण जमा होतात. हा गुंता सोडवण्यासाठी संघनायकांना एकेक निरोप पाठवायचा, उत्तराची वाट पाहायची, आलेले उत्तर दुसऱ्या उत्तराशी जुळत नाही म्हणून तिसऱ्याला विचारायचे, आणि हे सगळे ज्या आकड्यासाठी करायचे तो शेवटी निम्म्यावर आणून सरासरीत मिसळायचा. सूत्र कितीही नेटके असले, तरी त्यात कोणता माणूस घालायचा हे मलाच सांगावे लागत असेल, तर मी सरळ माणसांवरूनच अंदाज का बांधू नये, असा प्रश्न मला पडला. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

संघयादीची पद्धत दिसते तितकी ढिली नसते, मात्र काय पाहायचे हे ठाऊक हवे. हंगामापूर्वी जिममध्ये जो खुला खेळ चालतो, त्यात उड्या आणि दुरून टाकलेल्या बास्केटांवर डोळे दिपतात. पण तिथे प्रत्येक जण आपापल्या माणसाला धरून खेळतो, फाऊल मोजले जात नाहीत आणि फ्री थ्रो, म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, नसतात. लीगमध्ये बहुतेक संघ पहिल्याच मिनिटापासून पुढे दोन आणि मागे तीन असा झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, लावतात, आणि खुल्या खेळातला राजा त्या झोनसमोर चेंडू आपटत उभा राहतो. म्हणून मी कोण किती गुण करतो ते पाहण्याऐवजी दोन गोष्टी शोधतो. फ्री थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घेऊन, वळून योग्य माणसाला देणारा कोणी संघात आहे का? आणि कोपऱ्यात शांतपणे उभा राहून चेंडू आल्यावर न डळमळता तो टाकणारा कोणी आहे का? हे दोघे ज्या यादीत आहेत, तो संघ पहिल्या आठवड्यात, सराव नसतानाही, झोन फोडू शकतो. त्यापुढे विचारायचे ते एवढेच, की यादीतले चार-पाच जण आधी एकत्र खेळले आहेत का. विद्यापीठाच्या मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनमधून एकत्र बाहेर पडलेल्या मुलांचा संघ कागदावर सामान्य दिसला, तरी पहिल्या रविवारी इतरांच्या एक पाऊल पुढे असतो.

वेळापत्रकही संघयादीच्या शेजारी ठेवून वाचावे. सकाळी नऊच्या सामन्यात चाळिशी ओलांडलेल्या काकामंडळींचा संघ फजरपासून, म्हणजे पहाटेच्या नमाजापासून, जागा असतो आणि वेळेआधी येऊन गुडघ्यांना पट्ट्या बांधत बसतो, तर विशीतल्या संघाचे चौघे येतात आणि पाचवा गाडी लावतोय असा निरोप येतो. आदल्या रात्री कोणाचा वलीमा, म्हणजे लग्नाची मेजवानी, असेल आणि नवरदेवाचे मित्र एकाच संघात असतील, तर मी त्या संघाच्या बाजूने फार बोलत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, शिकागोत मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, पावणेपाचच्या आसपास येते, आणि त्या सुमाराचा सामना नमाजासाठी थांबतो. हा खंड थकलेल्या, वयस्क संघाला मानवतो, असे माझे निरीक्षण आहे. ते कोणी मोजलेले नाही आणि मीही मोजलेले नाही. तक्त्यात वेळेचा रकाना वाढवता येईल हे खरे, पण वलीम्याचा रकाना कोण भरणार?

या पद्धतीचे दोष लपवण्यासारखे नाहीत. ओळखीच्या माणसांबद्दल आपण उदार होतो, आणि जिममध्ये जे दिसत नाहीत त्यांना विसरतो. उपनगराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या मशिदीच्या जिममध्ये सराव करणारा संघ या पद्धतीत हमखास कमी लेखला जातो, आणि तिथे तक्ता अधिक न्यायी ठरतो. समाजात नव्यानेच आलेल्या माणसाला तर ही पद्धत जवळजवळ बंदच असते. माझे कान मुंबईच्या नागपाड्यात तयार झाले. अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या अब्बास मुंतसिर यांच्यामुळे बास्केटबॉल जिथे घराघरात पोहोचला, त्या वस्तीत संध्याकाळी मैदानावर कोण दिसले यावरूनच पुढच्या सामन्याची चर्चा चाले. ही सवय माझ्या मताला कललेली ठेवत असेल, हे वाचकाने हिशेबात धरावे.

कोणती पद्धत खरी ठरली हे पहिल्या आठवड्याच्या निकालांवरून ठरवण्याचा मोह मात्र टाळावा. सहा सामन्यांचे निकाल चौसष्ट प्रकारे लागू शकतात. नाणे उडवणाऱ्यालाही पाच किंवा सहा अंदाज बरोबर येण्याची शक्यता अकरा टक्क्यांच्या आसपास असते. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये सुचवलेला गुणांक (सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी) वापरला, तर नुसत्या बरोबर-चूकऐवजी खात्रीचीही परीक्षा होते. त्यात प्रत्येक सामन्याला ५०-५० म्हणणाऱ्याच्या पदरी ०.२५ येतो आणि त्याहून कमी आला तर आपण काही सांगितले असे म्हणता येते. पण त्यासाठीही सगळा हंगाम जाऊ द्यावा लागतो.

तेव्हा ज्यांच्याकडे स्वच्छ नोंदी आहेत आणि संघ टिकून आहेत, त्यांनी तक्ता जरूर करावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, यंदाच्या संघांचे यंदाचे निकाल आत गेल्यावर, मीही त्याकडेच वळतो. पहिल्या आठवड्यासाठी मात्र संघयादी कायम होईपर्यंत थांबावे, ती कायम झाली की एक संध्याकाळ जिममध्ये भिंतीला टेकून बसावे आणि मग आकडे लिहावेत. तक्ता ६१ म्हणत असेल आणि यादी उलट सांगत असेल, तर यादीचे ऐकायला हरकत नाही. अट एवढीच की ती बातमी त्या संघाच्या नायकाकडून आलेली नसावी.