चोवीस लाख उत्तरं की पन्नास हजार?

१९३६, अमेरिका. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, रूझवेल्ट विरुद्ध लँडन. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने टेलिफोन डिरेक्टरी, मोटारनोंदणी अशा याद्यांवरून निकालाचा अंदाज घ्यायला कोटीभर नमुना मतपत्रिका पोस्टाने धाडल्या. सुमारे २४ लाख परत आल्या, कौल लँडनला. पण मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे? खाऊनपिऊन सुखी माणसाकडे! शितावरून भाताची परीक्षा करायची, तर आधी पातेलं ढवळायला नको का? शिवाय आवर्जून उत्तर पाठवणाऱ्यांत रूझवेल्टवर चिडलेले जास्त.

जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने जेमतेम ५० हजारांना विचारलं, पण गरीब-श्रीमंत, शहर-खेडं असे वाटे ठरवून. त्याचा कौल रूझवेल्टला. (रूझवेल्टची टक्केवारी गॅलपनेही बरीच कमी धरली होती, हे सहसा कुणी सांगत नाही.) रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. डायजेस्ट १९३८ मध्ये बंद पडलं.