खांबावरचं मिग, शेडमधलं किरण की काचेतलं टेम्पेस्ट?

मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हवाई दलातून निवृत्त झालं. आपल्या चौकात किंवा कॉलेजच्या फाटकाशी एखादं मिग असावं, असं कुणालाही वाटेल. हवाई दल निवृत्त विमानं संस्थांना प्रदर्शनासाठी देतं. त्यासाठी लेखी मागणी करावी लागते आणि वाहतूक, पाया, उभारणी हा सगळा भार घेणाऱ्यावर असतो. तो भार बहुतेक जण कसाबसा उचलतात. अडतं त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात. म्हणून 'कोणतं विमान रुबाबदार दिसेल' हा प्रश्न बाजूला ठेवून, दर वर्षी त्याला कोण धुणार, कशानं धुणार आणि ते कुठल्या छपराखाली उभं राहणार, यावरून निवड करावी. मराठवाड्यापुरते चार पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत: खांबावरचं मिग, शेडमधलं किरण हे प्रशिक्षण विमान, फायबरची प्रतिकृती आणि काचेतलं टेम्पेस्ट या जुन्या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल.

आधी आकार पाहा. जागा आणि क्रेन दोन्ही त्यावर ठरतात.

| विमान | लांबी | पंखांचा विस्तार | रिकामं वजन |
|---|---|---|---|
| मिग-२१ | सुमारे १४.५ मी. (नाकावरची नळी सोडून) | ७.१५ मी. | ५ ते ६ टन |
| नॅट | सुमारे ९ मी. | ६.७ मी. | सुमारे २.२ टन |
| किरण | १०.६ मी. | १०.७ मी. | २.५ ते ३ टन |

नॅट टेबलात आहे, पण त्यात फार जीव अडकवू नये. १९७१ च्या युद्धात नाव कमावलेलं हे विमान त्या दशकाअखेर सेवेतून गेलं, त्याची सुधारलेली आवृत्ती अजित १९९१ मध्ये. जी उरली ती बहुतेक कुठे ना कुठे उभी आहेत. एखाद्या संस्थेकडे दुर्लक्षित नॅट असेल आणि ती द्यायला तयार असेल, तरच पुढे जावं. तेही हवाई दलाची लेखी संमती घेऊन.

खांबावरचं मिग

लांबून दिसतं, लोक फोटो काढतात. फायदा इथेच संपतो.

पहिली अडचण जमिनीची. आपली काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. चौकातल्या पुतळ्याचा पाया खोदणाऱ्या गवंड्याच्या अंदाजावर हे काम सोडलं, तर दोन-तीन वर्षांत खांब कलू लागतो. एक तर पाया काळी संपून मुरूम लागेल तिथवर न्यावा, नाहीतर खाली फुगीर टोक असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यावेत. माती-परीक्षणाचा अहवाल हातात आल्याशिवाय ठेकेदार ठरवू नये.

दुसरी अडचण वाऱ्याची. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या थोडा वर जातो. मिगचा पंख २३ चौरस मीटरचा. विमान नाक वर करून बसवलं आणि वारा खालून भिडला, तर दोन टनांपेक्षा जास्त जोर वर ढकलतो. इंजिन काढलेलं मिग चार-साडेचार टनांचं असल्यानं ते उडून जाणार नाही, पण सहा मीटर उंचीवरचा हा हिसका खांबाच्या मुळाशी आणि विमानाच्या जोडावर बसतो. लातूर-धाराशिवकडे भूकंपाचाही हिशोब त्यात धरावा लागतो. किल्लारी १९९३ चं आहे, फार जुनं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं गणित नसेल, तर हा पर्याय इथेच सोडावा.

इंजिनाचं आणखी एक. मिगचं इंजिन शेपटीकडे असतं आणि त्याचं वजन टनाच्या वर. ते काढलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. जुन्या माहितीपुस्तिकेतला बिंदू धरून पट्टे बांधले तर उचलताना नाक खाली जातं. काढलेले सगळे भाग लक्षात घेऊन गुरुत्वमध्य नव्यानं मोजावा. जमिनीवरून हलवायला हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) चालतो, पण विमान लटकवून हायड्रा पळवायचा नाही. खांबावर ठेवताना क्रेनचा हात, म्हणजे बूम, लांबवावा लागतो आणि लांबवला की क्रेनची ताकद झपाट्यानं घटते, म्हणून तिथे मोठीच क्रेन मागवावी.

जोड कुठे द्यायचा हे फॅब्रिकेटरला ठरवू देऊ नका. पोटाच्या पत्र्याला अँगल ठोकला की पत्रा फाटतो. आधार पंखाच्या मुळाशी, मूळ बांधणीच्या जाड भागांनाच द्यायचा. विमान ज्यावर टेकतं तो लोखंडी पाळणा आणि विमानाचं ॲल्युमिनियम यांच्यामध्ये निओप्रीन रबराची पट्टी हवी, बोल्टखाली नायलॉनचं वॉशर हवं. दोन धातू थेट टेकले आणि त्यात पावसाचं पाणी शिरलं, की ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी, मग पापुद्रे, मग भोक. हे सगळं पाळण्याच्या आत होतं आणि खालून दिसत नाही. पाहायला दर वर्षी क्रेन लागते. पहिल्या वर्षी ती येतेही.

शेडमधलं किरण

आमचं मत या पर्यायाच्या बाजूनं आहे, विशेषतः वर्कशॉप असलेल्या आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजसाठी. किरणला मिगचं नाव नाही. पण हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या यावर घडल्या आणि १९९६ ते २०११ सूर्यकिरण पथक यावरच कसरती करत होतं. शिवाय दोन आसनं शेजारी-शेजारी असल्यानं कडेच्या फळीवर उभं राहून दोन्ही बाजूंचे दांडे आणि घड्याळं (वेग, उंची वगैरे दाखवणारी मापकं) एका नजरेत दिसतात. मिगच्या अरुंद कॉकपिटमध्ये डोकावणाऱ्याला यातलं निम्मंही कळत नाही.

शेड आधी, विमान नंतर. हा क्रम उलटा झाला तर शेड कधीच होत नाही. १४ बाय १४ मीटर जागा आणि कडेला साडेचार मीटर उंची पुरते. पश्चिमेकडे पत्रा खालपर्यंत आणावा, बाकी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात कॉकपिटवरचं ॲक्रिलिक पिवळं पडून त्यात केसासारख्या चिरा पडतात, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर ते फुटतंच. विमानावर थेट ताडपत्री टाकू नका. आत वाफ कोंडते आणि वाऱ्यानं फडफडताना धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. शेड व्हायला उशीर असेल तर द्राक्षबागेवर टाकतात तशी जाळी, विमानाला न टेकता, बांबूंवर ताणावी.

विमान चाकांवर उभं दिसलं तरी वजन चाकांवर नको. जॅक लावण्याच्या मूळ जागांखाली लोखंडी स्टँड देऊन टायर जमिनीपासून बोटभर उचलावेत. पायांच्या शॉकअपमधला वायू हळूहळू निघून जातो आणि विमान एका बाजूला झुकतं, म्हणून उभा चिरलेला पाइप दांड्याभोवती बसवून शॉकअप मापात रोखावा. हवेची तोंडं आणि मागची नळी १२ मि.मी. स्टेनलेस जाळीनं बंद करावी, कडेला रबर देऊन. नाहीतर कबुतरं येतात आणि त्यांची विष्ठा ॲल्युमिनियम खाते. आग्या मोहोळ बसलं तर प्रदर्शन महिनाभर बंद.

धुण्याचं गणित इथलं वेगळं आहे. बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की शिवणींत पांढरा थर राहतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. सौम्य साबण आणि सुती कापडानं धुवावं, आणि शेवटचा हात आरओच्या पाण्यानं किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं द्यावा. वीस लिटरचे पाच-सहा जार पुरतात. फवारणीचा पाठीवरचा पंप यासाठी उत्तम, पण नवा कोरा. तणनाशक मारलेला नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप वर्ज्य, तो पाणी पत्र्यांच्या सांध्यात घुसवतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास, पोटाखालची निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करावीत.

ही भोकं बुजतात कशानं? २६ जानेवारीच्या आधी घाईनं मारलेल्या ऑइल पेंटनं. विमानाच्या बाबतीत सर्वांत मोठं नुकसान हेच करतं. थरावर थर चढतात, पत्र्यावरच्या मूळ सूचना आणि क्रमांक कायमचे जातात. रंग द्यायचाच तर आधी प्रत्येक अक्षराचा फोटो आणि ट्रेसिंग घ्यावं. मग एच (etch, धातूला पकड देणारा) प्रायमर, इपॉक्सी प्रायमर, वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन. जुना हिरवट-पिवळा प्रायमर कोरडा घासू नये. त्यातलं क्रोमेट फुफ्फुसांना घातक असतं. विद्यार्थ्यांच्या हाती सँडर देण्याआधी हे सांगावं.

ताबा घेताना दोन गोष्टी कागदावर हव्यात. इजेक्शन सीट (वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन) आणि कॅनॉपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) स्फोटक काडतुसं काढली आहेत, आणि ऑक्सिजन, नायट्रोजनच्या बाटल्या रिकाम्या आहेत. तोंडी आश्वासन चालत नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असू शकतो, त्यामुळे त्यांच्या काचा उघडायच्या नाहीत. फुटलेली असेल तर हात न लावता किरणोत्सर्गाची तपासणी करून घ्यावी.

फायबरची प्रतिकृती

चौकात काही उभारायचंच असेल तर हीच उभारावी. लोखंडी सांगाडा आणि त्यावर फायबर. वाळूज, शेंद्र्याकडच्या फायबरच्या कारखान्यांना हे काम अवघड नाही. उन्हानं वरचा थर पाच-सात वर्षांत खडूसारखा होतो, तो घासून पुन्हा चढवता येतो. गेलं तर इतिहास जात नाही. पायाचे आणि वाऱ्याचे नियम मात्र तेच. खाली 'प्रतिकृती' असं स्पष्ट लिहावं.

काचेतलं टेम्पेस्ट

जिल्हा परिषदेची शाळा, गावचं वाचनालय, तालुक्याची माजी सैनिक संघटना यांच्यासाठी हा पर्याय कमीपणाचा नाही. मराठवाड्याच्या आकाशाशी थेट नातं असलेलं विमान मिग नाही आणि किरणही नाही. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबाद कारवाईत निजामाच्या राज्यावर उडाली ती हॉकर टेम्पेस्ट. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं लँकास्ट्रियन विमानांतून निजामासाठी शस्त्रं आणली, तीही याच काळात. आज टेम्पेस्ट पाहायचं तर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात जावं लागतं. पण १:४८ मापाच्या मॉडेलमध्ये त्याचा पंख २६ सेंटिमीटर भरतो आणि १:२४ मध्ये ५२. दोन फुटी काचपेटीत, एलईडीपासून हातभर अंतरावर, वाळवी लागणार नाही अशा ॲल्युमिनियमच्या चौकटीत ते राहतं.

शेजारी तालुक्यातल्या हवाई दलाच्या निवृत्तांची सेवापुस्तकं, पत्रं, बिल्ले यांच्या स्कॅन प्रती लावाव्यात. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावेत किंवा आम्लमुक्त पाकिटात, पत्र्याच्या कपाटात, जमिनीपासून फूटभर वर. लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा सोडवता येत नाही. मॉडेलच्या किटला एनॅमल रंग घेतला तर तो सुकायला वेळ लागतो. ॲक्रिलिक घ्यावा आणि एअरब्रशचं काम दिवाळीनंतर काढावं.