डब्यावर एक, डब्यात दुसरंच

फोर्टमधल्या एका दुकानातून गेल्या महिन्यात डग्लस इन्व्हेडर या अमेरिकी बॉम्बर विमानाचं 1/72 मापाचं, जोडायचं प्लास्टिकचं किट घेतलं, 2,600 रुपयांना. दुकानाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काय तपासून घ्यायचं तेवढं सांगते.

डब्यावर चित्र बी-26के चं, म्हणजे या विमानाच्या नंतरच्या आवृत्तीचं. पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या, रुंद पात्यांचे पंखे, पाठीवर बंदुकांचा बुरूज नाही. मला तेच हवं होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हेच ते मॅरॉडर." तिथेच ओळखायला हवं होतं. मॅरॉडर मार्टिन कंपनीचं, वेगळंच विमान, पण त्याचंही नाव बी-26. ते सेवेतून गेल्यावर 1948 मध्ये ए-26 इन्व्हेडरला बी-26 हे नाव मिळालं, आणि घोळ सुरू झाला. 1966 मध्ये के ला परत ए-26ए केलं, कारण थायलंडला आपल्या जमिनीवर बॉम्बर नको होते (नावातला बी म्हणजे बॉम्बर, ए म्हणजे अटॅक). तीन बारशी झालेलं विमान!

घरी दादरला येऊन स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) काढले तर टाक्यांचा पत्ताच नाही. पाठीवर बुरूज, पोटाखालीही बुरूज. कॉकपिटची काच सपाट माथ्याची. ही खूण सगळ्यात सोपी: सुरुवातीच्या इन्व्हेडरची काच चपटी, नंतरच्यांची फुगीर, शिंपल्यासारखी दोन्हीकडे उघडणारी. म्हणजे विमान दुसऱ्या महायुद्धातलं. डिकलवर (चिकटवायच्या खुणांच्या कागदावर) मात्र अमेरिकी विमानांवरच्या चांदणीच्या पट्ट्यात लाल रेघ, आणि ती आली 1947 मध्ये. परत करायला गेले तर "सील तुटलंय". सील न तोडता आतलं कसं बघायचं, ते काही सांगितलं नाही.

प्लास्टिक मात्र झकास आहे, ते मान्य करायलाच हवं. पॅनेलच्या रेघा बारीक, जोड नीट बसतात. नाकं दोन दिलीत: बी आवृत्तीचं बंद, मशीनगनांचं; सी आवृत्तीचं काचेचं, बॉम्बार्डियरसाठी (बॉम्बचा नेम धरणाऱ्यासाठी). खऱ्या विमानांतही नाक बदलता यायचं, म्हणून जुना फोटो बघून नुसत्या नाकावरून बी की सी ठरवू नका.

मी बंद नाक घेतलं. तीनचाकी विमान, पुढे वजन नसेल तर शेपटीवर बसतं, आणि काचेच्या नाकात वजन लपवणार कुठे? ससून डॉकजवळून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणले, एकेक नाकात चिकटवला. मशीनगनांच्या जागी नुसते खळगे होते. मी डेंटल टेक्निशियन. दाताचा सगळ्यात बारीक बर (कोरायचं टोक) मायक्रोमोटरला लावून सहाही भोकं पाडली. लॅबमधल्या पोरांनी विचारलं, "ताई, हा कुठला पेशंट?"

पंख जोडून 30 सेंटीमीटरच्या आसपास भरतात, कपाटाचा कप्पा आधी मोजून घ्या. पावसाळ्यात रंगाला दोन दिवस द्या, नाहीतर बोटांचे ठसे. लाल रेघेवर पांढरा रंग फिरवून चांदणी 1945 ची केली.

के चं खूळ अजून गेलेलं नाही. टाक्या मी ॲक्रिलिकमध्ये ओतून करीन, रोजचंच काम आहे. फुगीर काच मात्र हवी आहे, कोणाकडे 1/72 ची जादा पडली असेल तर सांगा.