तुळशीबागेतली तयार कुर्ती की कापड घेऊन शिवलेली?

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा 40 च्या आसपास जातो, त्यात सकाळी डबे, मुलांची शाळा, मग ऑफिस, कपाटासमोर उभं राहायला वेळ कुणाला असतो. तुळशीबागेत नाहीतर एफसी रोडला तयार कुर्ती लगेच मिळते, भावही करता येतो, पण तिथे बरीचशी रेयॉनची असते, अंगावर पडते छान, इस्त्रीही कमी लागते, पण घाम आला की पाठीला चिकटते.

मला शिवलेलीच आवडते, खरंच. लक्ष्मी रोडवरून अडीच मीटर सुती कापड घ्यायचं, शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. शिलाई वेगळी पडते आणि टेलरकडे दोन चकरा होतात हे आहेच, पण कडेला खोल खिसा सांगता येतो, चावी-मोबाईल त्यात, म्हणजे लेकराचा हात धरायला माझा हात मोकळा. बाळ अंगावर पीत असेल तर पुढे बटणपट्टी करून घ्या. आणि आत शिवणीला दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायला सांगाच, बाळंतपणानंतर अंग कमी-जास्त होतं, तीच कुर्ती पुढच्या उन्हाळ्यातही बसते. घाईत, एखाद्या बारशासाठी वगैरे, तयार घ्या, फक्त लेबलवर कॉटन लिहिलंय का बघून.