जळगावातील व्यावसायिक कौशल्यवर्ग : एक अभिप्राय

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी जळगावातील एका खासगी संस्थेने चालविलेला हा वर्ग मुलाखत आणि गटचर्चेची तयारी चांगली करून घेतो. विशेषतः घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलांच्या उच्चारांना न हसता त्यांना आधी आपल्या भाषेत मुद्दा मांडू देण्याची पद्धत मला फार योग्य वाटली. मात्र संवाद, संघकार्य आणि नीतिमत्ता यांना एनबीए या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने पदवीच्या अपेक्षित फलितांत तांत्रिक ज्ञानाच्या जोडीने स्थान दिलेले असताना बहुतेक विद्यार्थी त्यांच्याकडे कॅम्पस मुलाखतीपुरतेच पाहतात, आणि वर्गही हाच समज पोसतो. एमआयडीसीतील चटई कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये यंत्र बंद पडल्यावर कामगारांशी कसे बोलावे, बिघाडाचा अहवाल कसा लिहावा, यासाठी एकही तास नाही. शुल्क वाजवी आहे. छापील टिपणे मात्र सुमार.